काढ्याच्या जाहिरातीत माझा फोटो

आमच्या वेबसाइटवर एकही उद्गारचिन्ह नाही. कॅन्सर झालेल्या लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ती आहे, अर्धी हिंदीत, अर्धी मराठीत, आणि चालते ती भिलाईतून, स्मृति नगरातल्या आमच्या जेवणाच्या टेबलावरून. रायपूरच्या एक डॉक्टरीणबाई माझं प्रत्येक पान तपासून देतात. त्यांनी सुरुवातीलाच बजावलं होतं की वाचणारा आधीच घाबरलेला असतो, त्याच्यासमोर आवाज चढवायचा नाही. मी चढवत नाही. गाठ म्हणजे काय, तपासणीला जाताना बरोबर काय न्यायचं, केस कधी जातात आणि कधी परत येतात, हे सगळं मी इतकं सपाट लिहिते की कुणालाही वाटावं, बाई मोठी शांत असेल.

मी शांत नाही. ती वेबसाइट मी रागात सुरू केली आणि आजही रागातच चालवते.

मी पोलाद कारखान्याच्या टाउनशिपमधल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायची. पेशी कशी दुभंगते ते रंगीत खडूंनी फळ्यावर काढून दाखवण्यात माझी निम्मी नोकरी गेली. पुढे माझ्याच छातीत गाठ निघाली, तेव्हा ज्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो ते सगळं माझ्या यजमानांशी बोलले. मी त्या दोघांच्या मधल्या खुर्चीत बसले होते. ते माझ्या डोक्यावरून बोलत होते. "मॅडमला टेन्शन देऊ नका," असंही मध्येच म्हणाले. मॅडम तिथेच होती.

परतीच्या वाटेवर हायवेला लागल्यावर यजमान म्हणाले, "साधी गाठ हाय म्हणते डॉक्टर. काढून टाकू."

फाइल माझ्याच मांडीवर होती. मी रिपोर्ट काढला, वाचला आणि म्हटलं, "मले इंग्रजी वाचता येते, विसरले का तुम्ही?"

त्यांनी गाडी कडेला घेतली. रोलिंग मिलमध्ये लालभडक लोखंडासमोर ज्यांचा जन्म गेला, ते गृहस्थ स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले, आणि समजूत मला घालावी लागली. ते रडले याचा राग नाही. पण माझ्या शरीरात काय चाललंय ते डॉक्टरांना ठाऊक, नवऱ्याला ठाऊक, फोनवरून दिराला ठाऊक, आणि मला तेवढं नाही, ही रीत कुणी घालून दिली, याचा राग आला. अजून येतो.

घरी आल्यावर मी मराठीत आणि हिंदीत शोधत बसले. इंग्रजीत कितीतरी चांगलं लिहिलेलं होतं. आपल्या भाषेत काय सापडलं? लिंबू आणि सोडा. सीताफळाची पानं. एका बाईने हळद खाऊन कॅन्सरला "पळवून लावलं" होतं. ज्याला इंग्रजी येतं त्याला इलाज कळावा आणि ज्याला येत नाही त्याने सोडा प्यावा, असं जणू कुणी वाटूनच दिलेलं. माझं ऑपरेशन झालं, किमो झाली, रेडिएशन झालं. जरा उठून बसायला लागल्यावर पहिलं काम मी हे केलं. वेबसाइट मुलीने बंगळुरूहून बनवून दिली. ती म्हणाली, "आई, इसमें एक चेहरा होना चाहिए, नाहीतर लोक भरोसा नाही करणार." म्हणून अंगणातल्या शेवग्याखाली यजमानांनी माझा फोटो काढला. डोक्यावर नुकते बोटाच्या पेराएवढे केस आलेले, ऊन डोळ्यांवर आलेलं, आणि तरी मी हसते आहे. खाली एक ओळ: माझ्यावर शस्त्रक्रिया, किमो आणि रेडिएशन झालं आहे.

लोक प्रश्न विचारू लागले. लिहून कमी, बोलून जास्त, म्हणून आम्ही एक व्हॉट्सॲप नंबर ठेवला. जेवायचं ताट वेगळं ठेवावं का? शेजारच्यांना सांगावं का? बेमेतऱ्याकडच्या एका बाईने विचारलं, की डोक्यावर केसच राहिले नाहीत तर भांग कुठून येणार, आणि भांगच नाही तर शेंदूर कसा भरायचा? मी हा प्रश्न डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, "लिहा, किमोच्या दिवसांत टाळूची कातडी नाजूक असते, तिथे रंग नको. कपाळावर साधी टिकली लावावी." मी लिहिलं. ते पान खूप वाचलं जातं.

एका दुपारी मी कणीक मळत होते आणि फोन वाजला. आवाजी निरोप होता. मी कोपराने बटण दाबलं.

"ताई, नमस्कार. मी सेक्टर दोनमधून बोलून राहिली. तुमच्या त्या फोटोत लिवलं हाय का सुई टोचू नका, तं मी सुई नाही टोचली. काढाच घेऊन राहिली. पण गाठ तं वाढूनच राहिली. तं आता काढा जास्त घेऊ का? तुमी कितीक घेत होत्या?"

मला वाटलं, बाईचा नंबर चुकला. मी हात धुतले आणि निरोप पुन्हा ऐकला. मग तिला म्हटलं, तुमच्याकडे जे आलं आहे ते मला पाठवा.

तिने चित्र पाठवलं. वर शेवग्याखालचा माझा फोटो. खाली माझ्याच वेबसाइटवरचं बायोप्सीचं पान, माझ्याच शब्दांत, माझ्याच क्रमाने. "सुई टोचल्याने कॅन्सर पसरतो का?" हा प्रश्न मी लिहिला होता. उत्तरही मीच लिहिलं होतं: "नाही. सुई टोचल्याने कॅन्सर पसरत नाही. तुकडा तपासल्याशिवाय इलाज ठरवता येत नाही." चित्रात "नाही" जाऊन तिथे "होय" आलं होतं, "पसरत नाही"चं "पसरतो" झालं होतं, आणि तिसरं वाक्य गाळून टाकलं होतं. बाकी सगळं माझं. ज्या साध्या, घाबरवून न सोडणाऱ्या भाषेसाठी मी रात्रंदिवस डोकं फोडलं, ती भाषा हे चित्र बनवणाऱ्याने उचलली होती, कारण लोक तिच्यावर विश्वास ठेवतात हे त्याला कळलं होतं. सगळ्यांत खाली लाल अक्षरांत: भिलाईच्या या ताई आमच्या काढ्याने ठणठणीत बऱ्या झाल्या. आणि नेहरू नगरचा पत्ता.

यजमान पेपर वाचत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "काय झालं? कोणाचा निरोप हाय?"

मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचलं, चश्मा काढला. "पोलिसात देऊ. तू त्या माणसाकडे जाऊ नको."

"त्याच्याकडे मागून जाईन," मी म्हटलं. "आधी तिच्याकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याकडून पत्ता घेऊन मी सेक्टर दोनला गेले. प्लांटचं क्वार्टर, पुढे तुळस आणि कपडे वाळत घातलेली तार. बाई चाळिशीची असेल, अंगाने किरकोळ, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटलेला. भंडाऱ्याकडची माणसं, धान शेतीतून उठून प्लांटात आलेली. नवरा कोक ओव्हनवर, कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला, त्याची दुपारची शिफ्ट होती, म्हणून घरीच होता. तिने मला आणि त्याला कपांत चहा दिला आणि स्वतः एका वेगळ्या ठेवलेल्या पेल्यातून प्याली. मी पेल्याकडे बघितलं तशी म्हणाली, "घरात लेकरं हायत नं ताई."

"ताटा-पेल्यानं हे लागत नाही," मी म्हटलं. "कोणी सांगतलं तुम्हाला?"

"काढा देते त्या वैद्यजीनं."

नवऱ्याने फोन काढून ते चित्र माझ्यासमोर धरलं. "मॅडम, फोटो तं तुमचाच हाय."

"फोटो माझा आहे. बाकीचं माझं नाही."

"मंग तुमी कशानं बऱ्या झाल्या?"

"ऑपरेशन झालं. किमो झाली. रेडिएशन झालं."

"हे तं सारेच सांगते," तो म्हणाला. आवाजात उद्धटपणा नव्हता, दमणूक होती. "आमच्या बाबाले गळ्यात गाठ होती. नागपूरला नेलं, सुई टोचली, अन् थोड्याच दिवसांत खतम. मी डोळ्यानं पाह्यलं नं मॅडम."

मी त्याला समजावलं, की बाबांना नेलं तेव्हाच आजार फार पुढे गेलेला असेल, सुईने तो वाढवला नाही. तो माझ्याकडे नाही, फोनमधल्या माझ्या फोटोकडे बघत होता. समोर बसलेल्या माझ्यापेक्षा त्या फोटोतल्या बाईवर त्याचा जास्त भरवसा होता. मला तो फोन हिसकावून भिंतीवर मारावासा वाटला. आणि याहून वाईट म्हणजे, प्लांटच्या नोकरीमुळे त्याच्या बायकोचा सगळा इलाज फुकट होणार होता. प्लांटच्या दवाखान्याचं कार्ड कपाटात पडून होतं, आणि ही दोघं पोटाला चिमटा घेऊन काढ्याच्या बाटल्या आणत होती.

मी बोलणं थांबवलं आणि तिला म्हटलं, "चला, आत चला."

आतल्या खोलीत तिने खिडकीचा पडदा ओढला. मी ब्लाउजची बटणं काढली. डाव्या बाजूला जिथे काही नाही, फक्त काखेपर्यंत गेलेली आडवी खूण आहे, ती तिला दाखवली. डॉक्टर, नर्सा आणि माझी मुलगी सोडून ती मी कुणाला दाखवलेली नाही. यजमानांसमोरही मी पाठ फिरवून कपडे बदलते.

ती बघत राहिली. मग तिने बोट पुढे केलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने खुणेला हलकंच बोट लावलं.

"दुखते का?"

"आता नाही. थंडीत जरा ओढल्यासारखं होते."

"हे काढ्यानं नाही होत," ती म्हणाली.

"नाही."

मग तिने स्वतःचा पदर बाजूला केला. मी डॉक्टर नाही. पण तिची कातडी जागोजागी संत्र्याच्या सालीसारखी झालेली दिसली, आणि त्याचा अर्थ काय असू शकतो हे मला माहीत होतं, कारण तेही एक पान मीच लिहिलं आहे. मी चेहरा सरळ ठेवला आणि एवढंच म्हटलं, "उद्याच जायचं. परवा नाही."

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. तिचे ओठ पांढरे पडले आणि ती दबक्या आवाजात म्हणाली, "तो काढा लई कडू असते ताई. उपाशीपोटी प्यावं लागे. उलटी झाली का पुन्हा प्यायची. जवाजवा नोको वाटे, तवातवा तुमचा फोटो पाहो अन् पिऊन घेओ."

मी बटणं लावली.

बाहेर येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "उद्या दवाखान्यात जाऊन राहिलो आपण. तुमी सुट्टी टाका."

"पण वैद्यजी—"

"मी सांगतलं नं. सुट्टी टाका."

ती दोघं खरंच गेली. आत तपासणीला जात असल्याचा तिचा निरोप आला, तेव्हा मी नेहरू नगरला निघाले. यजमान म्हणाले होते जाऊ नको, पण मला साडी नेसताना बघून गाडीची किल्ली घेऊन तेच आधी बाहेर उभे राहिले.

खाली कोचिंग क्लास होता. माइकवरून कुणी रसायनशास्त्र शिकवत होतं, त्याचा आवाज जिन्यात घुमत होता. वर एक स्वच्छ हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, खुर्च्यांवर माणसं. आणि समोरच्या भिंतीवर दारापेक्षा मोठ्या फ्लेक्सवर मी. शेवगासुद्धा होता.

वैद्यजी म्हणजे दाढी-भस्मवाले असतील अशी माझी कल्पना होती. हा माणूस इस्त्रीच्या कुर्त्यात लॅपटॉपसमोर बसलेला, माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याच्या वयाचा. मला बघताच ओळखलं. घाबरला नाही. उठून हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माताजी! आप साक्षात! देखिए सब लोग, यही हैं वो!"

माणसं वळून बघू लागली. पहिल्या रांगेतला एक म्हातारा उठला. त्याच्या शेजारी त्याची बायको होती, गालाला फडकं बांधलेली, गाल आतून सुजलेला. तो म्हातारा आला आणि माझ्या पाया पडला.

माझ्या आयुष्यात मला एवढी किळस कधी आली नव्हती. त्या म्हाताऱ्याची नाही. मी त्याला खांद्यांना धरून उठवलं आणि शाळेत मागच्या बाकापर्यंत जायचा तो आवाज काढला. हिंदीत सांगितलं, "मैंने यह काढ़ा कभी नहीं पिया. मेरा ऑपरेशन हुआ है. यह आदमी झूठ बोल रहा है. आप लोग अस्पताल जाइए, आज ही जाइए."

वैद्यजी हसला. दुःखी झाल्यासारखा चेहरा करून लोकांना म्हणाला, "माताजी का दोष नहीं है. दवा कंपनी वाले इनसे बुलवा रहे हैं. बड़ा दबाव है बेचारी पर."

आणि माणसांनी माना हलवल्या! मी बघत होते आणि त्यांनी माना हलवल्या. पायाशी वाकलेला म्हातारा माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत परत जाऊन बायकोशेजारी बसला. मी त्या फडकं बांधलेल्या बाईजवळ गेले, तिच्याशीच बोलले, की हा काढा सोड, दवाखान्यात चल, मी येते तुझ्याबरोबर. तिने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने मान फिरवली. तेवढंच.

मग मी फ्लेक्सला हात घातला. फ्लेक्स फाटत नाही, हे तेव्हा कळलं. मी दोन्ही हातांनी ओढलं, एका कोपऱ्याचा खिळा निघाला आणि ते अख्खं माझ्याच अंगावर लोंबलं. कुणी तरी हसलं. यजमान पुढे झाले, खुर्चीवर चढले आणि बाकीचे खिळे उपटून त्यांनी त्याची गुंडाळी केली. एक तरुण जोडपं आमच्या मागोमाग जिना उतरलं आणि खाली येऊन त्यांनी दवाखान्याचा पत्ता विचारला. एवढ्या भरल्या हॉलमधून तेवढे दोघंच उतरले.

पोलीस ठाण्यात साहेब सभ्य होते. चहा मागवला. म्हणाले, "मैडम, किसी मरीज़ ने शिकायत की है क्या?" मी सेक्टर दोनच्या त्या नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, आता बायकोचं पाहू का कोर्टकचेरी? अन् प्लांटात लोक हसन." शेवटी तक्रार नोंदली गेली ती माझा फोटो विना परवानगी वापरल्याची. त्या हॉलमध्ये किती जणांचा इलाजाचा वेळ वाया गेला त्याचं नाव तक्रारीत कुठेच नव्हतं. सेक्टर दोनच्या बाईने उपाशीपोटी प्यायलेल्या काढ्याचंही नव्हतं. नुकसान झालं ते माझ्या फोटोचं. पुढे तो हॉल रिकामा झाला. तो माणूस दुसऱ्या गावात दुसऱ्या नावाने बसतो असं ऐकते. चित्र तर अजून फिरतंच. परवा दुर्गला एका लग्नात अनोळखी बाई मला कोपऱ्यात घेऊन विचारत होती, काढा सकाळी घ्यायचा की संध्याकाळी. मी ताट तसंच ठेवून उठले. यजमान म्हणाले, लोकांच्या लग्नात तरी शांत राहत जा. नाही राहिले.

सेक्टर दोनच्या त्या बाईची गाठ निघाली ती कॅन्सरचीच. आधी किमो देऊन ती लहान करावी लागली, मग ऑपरेशन, मग रेडिएशन. लवकर आली असती तर इतकं करावं लागलं नसतं, असं डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या. तिला तसं त्या म्हणाल्या नाहीत, पण तिनेच विचारलं तेव्हा खोटंही बोलल्या नाहीत. केस जायला लागले त्या दिवशी तिने मला फोन करून वैद्यजीला ज्या शिव्या दिल्या, त्या भंडाऱ्याकडच्या होत्या आणि मला त्यातल्या काही पहिल्यांदाच कळल्या. मी तिला थांबवलं नाही. सध्या ती ठीक आहे. तपासण्या चालू आहेत. याहून जास्त कुणी सांगू शकत नाही आणि मीही सांगत नाही.

गेल्या उन्हाळ्यापासून ती दुपारी आमच्याकडे येते आणि आवाजी निरोपांची उत्तरं देते. मी पानं लिहिते, ती बोलते. औषधाचं काही असलं की ती हात वर करते आणि आम्ही ते डॉक्टरीणबाईंकडे पाठवतो. बाकीचं तिला माझ्यापेक्षा चांगलं जमतं. तिच्या बोलण्यात माझा सपाटपणा नाही, आणि तिला तो शिकवायचा माझा विचार नाही.

मागच्या आठवड्यात गोंदियाकडच्या एका माणसाचा फोन आला. आईच्या छातीत गाठ आहे, डॉक्टर तपासा म्हणतात, पण आम्ही भावांनी ठरवलं आहे की म्हातारपणी तिला त्रास नको. आईला काही सांगितलेलं नाही. काही घरगुती असेल तर सांगा.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर तिने फोन ओढून घेतला.

"भाऊ, ते माय हाय का भैस हाय तुमची?" ती म्हणाली. "तिच्या अंगाचं तुमी भाऊ-भाऊ बसून ठरवून राहिले. तिले इचारलं का? नाही नं? मंग मले कावून इचारून राहिले? माय कोठी हाय? घरातच हाय का? द्या फोन तिले."

मी तिला खुणेने म्हटलं, जरा हळू. तिने माझ्याकडे लक्ष दिलं नाही. मग पलीकडे दार वाजलं, कुणाची तरी पावलं, आणि एक थकलेला, सावध आवाज आला, "कोण बोलून राह्यलं, बाई?"

तिने फोन कानाशी नीट धरला, खुर्ची भिंतीकडे वळवली आणि आवाज एकदम खाली आणला.

"माय, मी भिलाईहून बोलून राहिली. बसा पयले. बसल्या का? तुमाले एक गोष्ट सांगाची हाय."